आधी सिद्ध करा

तुम्ही हसा, पण ब्लॉगवर कुणी 'छान लेख' म्हटलं की मला आधी संशयच येतो.

झालं असं, की गुलमंडीतल्या साडीच्या दुकानाची वेबसाइट आणि वेरूळच्या एका लॉजची, अशी दोन्ही कामं एकदम अंगावर होती. त्यात माझा स्वतःचा ब्लॉग तीन वर्षं बंद. साडीवाला शेठ तोंडावर म्हणायचा, "भाई, तुमचंच शटर डाऊन, आमचं काय चालवणार?" लई झोंबलं. मग लॉजवाल्यानं पाठवलेल्या फोटोंवरून घरी बसून लिहिलेला मजकूर जरा फिरवला, अन् 'वेरूळमधली माझी सकाळ' म्हणून ब्लॉगवर टाकून दिला.

तासाभरात कमेंट आली. "लेख फार छान. माहिती उपयुक्त. असेच लिहीत राहा." खाली नाव नाय, गाव नाय. मी म्हटलं, हा माणूसच नाय. एवढं गोड फक्त मशीन बोलतं. उद्या हाच म्हणेल, इथं क्लिक करा.

मी पण शहाणा! तिथंच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "आपण रोबोट नाही, हे आधी सिद्ध करा."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "करतो. मी तुझा सातवीचा वर्गशिक्षक. तेव्हाही तू वेरूळच्या सहलीवर सुरेख निबंध लिहिला होतास. सहलीला मात्र आला नव्हतास. या वेळी तरी गेला होतास का?"

मी सरांना सरळ स्पॅममध्ये टाकलं.