दोन पट्टे

१९९७च्या उन्हाळ्यात रुद्राणीबाई बीडच्या स्टँडवर अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर सुट्टीवर आलेला फौजी भागवत आणि त्याचा मामा म्हाळू बोलत होते. ऐकायचं नव्हतं, तरी कानावर पडतच होतं.

“होडीत पट्टा कावून लागतो रे?”

“आमच्या फौजेतल्या शर्यतीची हलकी शिडाची होडी असती, मामा, दोन अरुंद होड्या जोडल्यासारखी. वाऱ्यानं कलली की कमरेच्या पट्ट्याचा आकडा डोलकाठीच्या तारेत अडकवायचा अन् बाहेर लटकायचं.”

“मग तुझा जोडीदार सिद्धाराम बुडला कसा?”

“होडी उलटली. त्याचा आकडा दोरात गुतला, सुटलाच न्हाई.”

“अन् तुझा?”

“माझा वढला की निघणारा व्हता. नवे दोनच पट्टे आलते. त्याची कंबर लई दुखायची. मी म्हनलं, तू तो रुंद, मऊ घे.”

“त्याच्या भल्यासाठीच म्हनलास की.”

“व्हय. पन दुसऱ्या पट्ट्याचा आकडा निघणारा हाय, ह्ये मी आधीच बघितलतं.”



“त्याच्या आईला ह्ये सांगू नगंस. एकुलतं एक लेकरू गेलंय उमाबाईचं.”

“तिनंच पत्रात इचारलंय, मामा. दुसरा पट्टा कुणी घातलता म्हनून.”

गाडी लागली. मामा चढला, पण भागवत खालीच उभा राहिला. कंडक्टरनं दोनदा हाक मारल्यावर तो आत आला आणि रुद्राणीबाईंच्या मागं बसत म्हणाला,

“उमाबाईच्या घरी तुमी काई बोलू नका, मामा. मीच सांगतो.”