कार्डात आपोआप आलेली गाणी

लोकेश : आवाज बसला जी बाईचा, नूरभाई. एकदा मान्य करून टाका ना. जीव नाई जात त्यानं.

नूरभाई : बसला नाई. बाईनं तो खाली आणून ठेवला. गाडी बंद पडणं अलग, आन् मालकानं गाडी सावलीत लावणं अलग. फरक समजते का तुले?

लोकेश : दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्री पब्लिक किती राह्यते, मालूम हाये ना तुमाले? पंचक्रोशीतले पाहुणे येते. त्यायले सावलीतली गाडी दाखवू का मी? कमिटीचा सेक्रेटरी मी हावो, शिव्या मले पडन.

ललिता : भाऊजी, दम घ्या. यायच्या मोबाइलच्या दुकानात चार्जर घ्यायले आलो आपण. सकाळपासून तुमी दोघं त्या धुरपताबाईच्या गळ्यावर बसले हा.

लोकेश : मी नाई बसलो, वयनी. हे नूरभाई बसले. आज संध्याकाळी कमिटी बसून राह्यली. यंदा मंडईत नाटकाच्या आधी कोणाले स्टेजवर बोलवायचं, ते नाव मले द्यायचं हाये. नागपूरचा डान्स ग्रुप तयार हाये. बम चालते त्यायचं.

नूरभाई : डान्स ग्रुप! ज्या मंडपात धुरपताबाई गायली, त्या मंडपात डान्स ग्रुप! अरे, तू जनमला नव्हता तवाची गोष्ट सांगतो तुले.

ललिता : आली. ते मरायची गोष्ट आली.

नूरभाई : येईनच! बाई नाटकात राजाची पोरगी होती. व्हिलननं खंजीर मारला. बाई खाली पडली, पडल्या पडल्या गाणं म्हटलं, आन् मेली. पब्लिक म्हणते, वन्स मोर! बाई उठली, पदर झटकला, पुन्हा गायली, पुन्हा मेली. पुन्हा वन्स मोर! तो व्हिलन बिचारा खंजीर वर धरून उभा. हात भरून आला त्याचा. शेवटी तोच पब्लिकले हात जोडून म्हणते, मायबापहो, आता मरू द्या जी इले.

लोकेश : हां, तेच त म्हणून राह्यलो मी! ते बाई पायजे पब्लिकले. काळी चारच्या उंच पट्टीत तान घेणारी. हे नवीन अल्बम काय काढला तिनं, ‘बांधावर बसून’? नावातच बसून हाये. आठ गाणे, आठही हळू. एकाही गाण्यात ढोलकी नाई. एका गाण्यात त बाई मधातच खोकलते, आन् ते काढलंही नाई त्यायनं!

नूरभाई : ते खोकलणं मी ठेवाले लावलं.

लोकेश : तुमी?

नूरभाई : रेकॉर्डिंगले मी गेलो होतो ना चिमूरले, बाईच्या घरी. रेकॉर्डिंगवाला पोट्टा म्हणे, काका, हे कापून टाकतो. मी म्हटलं, हात नको लावू. सत्तरी झाली बाईची. सत्तरीची बाई खोकलन नाई त काय शिट्टी मारन?

ललिता : मले त तेच आवडते. आता बाई पुढची ओळ म्हणन का नाई, असं वाटते. आन् मंग म्हणते. खरं सांगू नूरभाई, ते जुने गाणे चांगलेच होते. पण त्यात बाई राणी होती, नाई त राजाची पोरगी होती. आमी खाली बांबूच्या तट्टावर बसून पाहाचो तिले. या अल्बममध्ये ते आमच्यासारखी हाये. कंबर दुखते तिची. सून आयकत नाई तिचं.

नूरभाई : जियो ललिताबाई! आयक, लोकेश. याले म्हणते फॅन.

लोकेश : फॅन असन. मी हिशोबाचं बोलून राह्यलो. तो डबा पाहा तुमच्या मागं. या अल्बमचे शंभर पेनड्राइव विकाले ठेवले बाईनं तुमच्याजवळ, एकेकावर फोटो लावून. मिरगापासून डबा तिथंच हाये. किती गेले?

नूरभाई : गेले… गेले काही.

लोकेश : किती जी?

नूरभाई : अकरा.

लोकेश : त्यातले तुमी किती घेतले?

नूरभाई : चार. एक भाच्याले, एक सिरोंच्याच्या व्याह्याले. त्याले तेलुगूच समजते, पण सुराले काय भाषा राह्यते का?

लोकेश : म्हणजे सात! सिंदेवाहीसारख्या गावात, ऐन बसस्टँडसमोर, सात! आन् तुमी म्हणता पब्लिक येईन.

नूरभाई : पब्लिकले कदर नाई राह्यली, लोकेश. मी त आता रोज शिव्या देतो. त्या गिऱ्हाइक इसरूले तोंडावर म्हटलं, लेका, बायकोले साडीवर साडी घेतं, आन् धुरपताबाईचा पेनड्राइव घेत नाई? तो हासून राह्यला. मले लय वाईट वाटते रे. पैशाचं नाई. बाईचा शब्द हाये ना.

ललिता : कोणता शब्द?

नूरभाई : डबा माह्या हातात देल्ला तवा म्हणे, नूरभाई, हा डबा खाली झाला त समजीन मी का लोकायले अजून धुरपता पायजे. मंग मंडई करीन, जिथं बोलावन तिथी जाईन. नाई झाला, त पेटीवर कपडा टाकतो कायमचा. कोणाच्या दयेवर स्टेजवर चढायचं नाई मले. आज फोन करणार हाये ते. दुपारी.

ललिता : या बया! आन् हे तुमी आता सांगता?

लोकेश : मंग त झालंच. मी नाव देल्लं तरी बाईच येणार नाई. बरं झालं, माह्या डोक्याचा ताप गेला.

ललिता : बरं झालं काय भाऊजी? यंदा धानाच्या रोवण्याले आमी सोळा बाया त्याच गाण्यावर वाकलो. चिखलात दिवसभर. मोबाइल बांधावर, पिशवीत गुंडाळून. ते गुडघ्याचं गाणं लागलं का बुधरीमावशी हासते त हासते, रोप हातातून सुटते तिच्या. ‘गुडघे म्हणते, बस वं बाई, आता कुठी जायाची घाई. बस म्हणलं त उठवत नाई…’

लोकेश : तसं नाई ते. ‘बस म्हणलं का उठणं आलं, उठता उठता आठोते आई.’ आन् आई म्हणतानी ते थोडी थांबते, एकदम नाई म्हणत.

ललिता : काय?

लोकेश : काय काय?

नूरभाई : थांब थांब. तुले पाठ हाये?

लोकेश : पाठ कायचं जी. ट्रॅक्टर चालू केला का तेच वाजते पयले. रोज सकाळी. आता कानात पडन त राह्यन नाई का ध्यानात?

नूरभाई : आठही?

लोकेश : आठ संपल्यावर डीजे लागते. तोवर मी वावरात पोचलेलो राह्यतो.

ललिता : मंग काऊन नाव ठेवून राह्यले इतक्या वेळचे? पुढं ढकलता येत नव्हतं का गाणं? बोट नाई तुमाले?

लोकेश : आता… सकाळची वेळ राह्यते, वयनी. थंडीत कोण बोट काढते गमछ्यातून. आन् मले वाटलं, तुमी टाकले ते गाणे मेमरी कार्डात. पुसून टाकले त तुमाले राग येईन.

ललिता : मी काऊन टाकू? मले वाटलं, तुमी टाकले. माह्यं कार्ड तुमीच भरून आणलं होतं, याच दुकानातून. बुधरीमावशीचं तिच्या नातवानं आणलं भरून.

लोकेश : कुठून?

ललिता : इथूनच.

लोकेश : नूरभाई.

नूरभाई : हां, बोल.

लोकेश : इकडं पाहा. मी तुमाले म्हटलं होतं, डीजे भरून द्या. फक्त डीजे. बाई कुठून आली माह्या कार्डात?

नूरभाई : अरे, ते… जागा होती ना कार्डात. रिकामी जागा पाह्यली का मले राह्यवत नाई. वरून टाकून देतो आठ गाणे. पयल्या नंबरवर.

ललिता : सगळ्यायच्या कार्डात?

नूरभाई : जो येईन त्याच्या. भजन मांगो, कव्वाली मांगो, गोंडी गाणे मांगो. मुलचेऱ्याचा एक बंगाली पोरगा येते मासोळीवाला, त्याच्याही टाकले. मराठी येत नाई त्याले, पण गुणगुणते बरोबर. म्हटलं, चार लोकायच्या कानावर गेलं पायजे बाईचं गाणं. आयकन तवाच त घेईन ना कोणी!

लोकेश : फुकट?

नूरभाई : बाईच्या गाण्याचे पैसे मी कसा घेऊ, यार? मी फॅन हावो तिचा.

लोकेश : वा नूरभाई, वा! एका हातानं विकून राह्यले आन् दुसऱ्या हातानं वाटून राह्यले. ज्याच्या खिशात आठही गाणे फुकटात हाये, तो पेनड्राइव घेऊन का पूजा करन त्याची? अन् त्या इसरूले तोंडावर शिव्या! त्याच्या कार्डात होते का नाई?

नूरभाई : होते. …या अल्लाह. म्हणून हासला तो.

ललिता : नूरभाई, पाणी घ्या. चेहरा उतरला तुमचा.

नूरभाई : चाळीस साल झाले मले या बाईले आयकून. दुश्मनानं केलं नाई ते मी केलं. माह्याच हातानं बाईची पेटी बंद केली. आता एकच रस्ता हाये. डबा मी ठेवून घेतो घरी. बाईले सांगतो, सगळे गेले.

ललिता : जमणार नाई. उभा जनम नाटकात गेला तिचा. हुंदका खरा का खोटा, ते पडद्यामागून ओळखन ते. तुमाले त खोकलणंही खोटं जमत नाई.

(फोन वाजतो. नूरभाई घाम पुसतो, फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवतो आणि स्वतः दोन पावलं मागे सरकतो.)

धुरपताबाई : नूरभाई, चिमूरवरून बोलून राह्यली. काय म्हणते डबा?

नूरभाई : सलाम बाई. डबा… डबा मजेत हाये. खालीच समजा आता.

धुरपताबाई : समजा म्हणजे काय जी? खाली हाये का खाली समजायचा?

नूरभाई : म्हणजे ते असं हाये का, सीजन जरा…

ललिता : अकरा गेले, बाई.

धुरपताबाई : हे कोण बोलली?

ललिता : मी ललिता, बाई. रोवण्याची बाई हावो. माह्यासोबत माह्ये देर हाये, लोकेशभाऊ, मंडई कमिटीचे. अकराच गेले. खोटं सांगून काय करू तुमाले.

धुरपताबाई : बरं केलं सांगितलं त. मंग नूरभाई, बाकीचे पाठवून देजा कोणाच्या हातानं. घाई नाई.

लोकेश : बाई, ठेवू नका फोन! पुरी गोष्ट आयका. या नूरभाईनं तुमचे गाणे सगळ्या तालुक्याच्या कार्डात फुकट भरून देल्ले. न मांगता. लोकं घेईन कशाले?

धुरपताबाई : काय केलं यायनं?

नूरभाई : गुन्हा झाला बाई. वाटन ते सजा द्या.

धुरपताबाई : अवो नूरभाई! मले दुश्मन शोधू शोधू नाई भेटला, आन् तुमी असे निंघाले? खोकलणंही वाटलं का फुकट?

नूरभाई : तेही वाटलं, बाई.

धुरपताबाई : देवा रे! …बरं, ललिता, एक सांगशीन का मले? फुकटात आलं ते कार्डात आलं. लोकं काई मांगाले नव्हते गेले. मंग आतापर्यंत त पुसूनही टाकलं असन.

ललिता : नाई बाई.

धुरपताबाई : माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून नको सांगू.

ललिता : बाई, माह्या फोनात जागा राह्यत नाई. मागच्या मयन्यात माह्या पोरीचा वाढदिवस झाला, फोटो काढाले जागा नाई. मी नणंदेच्या लग्नाचे फोटो पुसले. तुमचे गाणे नाई पुसले. बुधरीमावशीनं त नातवाले सांगून ठेवलं, बाकी काईही उडव, धुरपतेले हात लावशीन त जेवाले नाई देणार.

नूरभाई : बाई? लाइनवर हा ना?

धुरपताबाई : हावो जी. पदर शोधून राह्यली.

लोकेश : बाई, मी लोकेश. संध्याकाळी कमिटीत तुमचं नाव देऊन राह्यलो मी. येजा मंडईले.

धुरपताबाई : कीव आली का माह्यी?

लोकेश : कीव नाई जी. खरं सांगतो, आता अर्ध्या घंट्याआधी मीच इथी बसून म्हणत होतो का बाईचा आवाज बसला.

धुरपताबाई : आन् आता?

लोकेश : आताही बसलाच हाये. पण मले तो पाठ झाला, त्याले मी काय करू?

ललिता : भाऊजी!

धुरपताबाई : बोलू दे वं त्याले. लय दिवसानं कोणी खरं बोललं माह्यासंग. नाई त सगळे म्हणते, बाई, अजूनही तसाच आवाज. तसाच कसा राह्यन? मीच तशी राह्यली नाई.

नूरभाई : मंग बाई, येता ना? मी येतो चिमूरले घ्यायले. स्वतः येतो. गाडी करून आणतो.

धुरपताबाई : तुमी गाडीत गाणे लावणार नसान त येईन.

नूरभाई : नाई लावत! अल्लाकसम.

धुरपताबाई : आन् लोकेशभाऊ, तुमी एक काम करजा.

लोकेश : सांगा बाई. लाइट, साउंड, काय पायजे?

धुरपताबाई : ते नाई. रोवण्याच्या त्या सोळा बायांले पयल्या रांगेत बसवजा. आताशी गाता गाता शब्दच जाते माह्ये. मी कुठी अडली, त त्या सांगन.