नानांची गाडी अन् माझं वय

लिही बेटा, पण मी जशी बोलते तशीच लिही, नंतर पुस्तकी करू नको. माझं नाव कुसुम. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण ते फक्त सांगायपुरतं, कारण माझे आजोबा पोटासाठी जबलपूरला आले अन् इथेच राहिले, माझे बाबा इथेच जन्मले, मीही इथलीच. घरात मराठी अन् उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी, आता तर माझी नातवंडं मराठी नुसती ऐकतात, बोलायची वेळ आली की दादी ये क्या बोलते हैं म्हणतात, जाऊ दे, तो वेगळाच ताप आहे.

बाबा फॅक्टरीत होते. गोळे बनायचे तिथे, तोफेचे. अन् बाबांचं काम काय, तर बनलेला गोळा तपासायचा. गेज म्हणजे मापाचा साचा लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. केसाएवढा फरक असला तरी बाबा तो गोळा पुढे जाऊ द्यायचे नाहीत, मग समोरचा मशीनवाला कितीही हातापाया पडो. लोक चिडायचे त्यांच्यावर. घरीही तेच. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून वांगी आणली तर एकेक वांगं उजेडात फिरवून पाहायचे, अन् आईनं आणलेलं कापड दोनदा परत पाठवायचे, आई म्हणायची, या माणसाला मी कशी पसंत पडले तेच मला समजत नाही. आता अशा माणसानं काय करावं, काय सांगू तुला, आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी अधारतालच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. नोकरी होती, चार पैसे घरात येत होते, पण लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणं आली अन् गेली, कारण एकच, मुलीचं वय जास्त. सत्तावीस म्हणजे तेव्हा फार झालं गं. बाबा रिटायर व्हायला आलेले, रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं, अन् क्वार्टर सोडायच्या आत पोरीचं उरकायचं, हे एवढंच दिवसरात्र आमच्या घरात चालू. आई देवापुढे बसली तरी तेच पुटपुटायची. मी मध्ये, पोरांच्या वह्या तपासत बसलेली.

अशात नाना आले. नाना म्हणजे आमच्या नात्यातले नाही, जबलपूरच्या मराठी घरांमधली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, उन्हाळा असो हिवाळा असो. त्यांना कोणी नाही म्हणायचं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी लग्नाचं पोर असायचंच. नाना म्हणाले, इटारसीचं स्थळ आहे, मुलगा गोळ्यांची चाचणी होते तिथे आहे, पर्मनंट, गरीब स्वभाव. अन् त्याच बैठकीत, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, आणि हो, माझी ती गाडी विकायला काढून राहिलो मी, मुलाकडचे येतील तर स्टेशनवरून टांग्यात आणणं बरं दिसत नाही, तुम्हीच घ्या, घरातल्या घरात राहील. इंग्रजांच्या वेळची काळी विलायती गाडी होती ती, कुठल्या तरी साहेबाकडून या हातातून त्या हातात फिरत नानांकडे आलेली. लढाई तोंडावर होती, इकाहत्तरचं साल ते, फॅक्टरीत बारा-बारा तास काम, ओव्हरटाइम बख्खळ, तेव्हा बाबांच्या हातात पैसा होता अन् नानांना तो दिसत होता.

आई म्हणाली, ओमतीला मिस्त्री आहेत, एकाला बोलावून गाडी खालून-वरून दाखवून तर घ्या. बाबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, अगं ते आपल्या पोरीचं जमवून राहिले अन् आपण त्यांच्याच गाडीखाली वाकून पाहायचं? त्यांना काय वाटेल? बाप्पा! जो माणूस वांगं उजेडात धरतो त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. नानांनी चावी दिली, बाबांनी वाकून नमस्कार केला अन् गाडी आमच्या दारात उभी राहिली. वरून नवा रंग, सीटला नवी कव्हरं, खाली रबरी चटई, चकाचक. अख्खी गल्ली पाहायला जमली.

अन् मग एकेक सुरू झालं. सकाळी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. बाबांना चालवता येत नव्हती, शेजारचे शर्माजी फॅक्टरीत ट्रक चालवायचे, ते सुट्टीच्या दिवशी बसायचे. ते स्टीयरिंगवर अन् मागून बाबा, मी, आई, पलीकडच्या गल्लीतले दोघं-तिघं. शर्माजी मान बाहेर काढून म्हणायचे, भाभीजी, और जोर से, थोड़ा सा और. आईच्या पातळाला धूर, माझ्या तोंडाला धूर. एक दार दोरीनं बांधलेलं. हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. मी बाबांना म्हटलं, नानांना सांगा ना काहीतरी. बाबा म्हणायचे, जुनी गाडी आहे, एवढं तेवढं असणारच. लढाई लागली, ब्लॅकआउट आला, सगळ्यांनी गाडीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासला, आमच्या गाडीला तर नानांनी आधीच पूर्ण फासून ठेवला होता. आम्ही म्हटलं, किती दूरचं पाहतात नाना. लढाई संपली, शर्माजींनी रंग खरवडला, तर आत बल्बच नाही. शर्माजी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. तरीही नानांकडे गेले नाहीत, कारण मुलाकडचे पुढच्या रविवारी येणार होते.

त्या रविवारच्या आधी नाना घरी आले अन् सगळ्यांना बसवून म्हणाले, मी तिकडे मुलगी बावीसची सांगितली आहे, तेवढं सांभाळा. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाबा बोलतील, नाही म्हणतील. बाबांनी मान खाली घातली अन् म्हणाले, ठीक आहे नाना. बेटा, गाडीचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या ठीक आहे म्हणण्यानं माझ्या जिवाचं पाणी झालं. त्या रात्री मी जेवले नाही अन् आईनंही का म्हणून विचारलं नाही.

रविवारी आले मुलाकडचे. मुलगा, त्याचे वडील, सोबत नाना. चहा-पोहे झाले. मुलगा तसा बरा होता, पण आईनं विचारलं साखर किती टाकू, तर म्हणाला, नाही नाही, गाडी वेळेवर आली. आईला वाटलं, लाजून राहिला. मी पाटावर मान खाली घालून, बावीसची होऊन बसलेली. वडील म्हणाले, जबलपूरला आलो तर नर्मदेचं दर्शन झालं पाहिजे. नाना लगेच म्हणाले, गाडी आहे ना, चला सगळे. मलाही चल म्हणाले, म्हणजे मुलाला नीट पाहता येईल. शर्माजी गाडी चालवायला, पुढे मुलाचे वडील, मागे एका बाजूला मी, मधे बाबा, पलीकडे नाना अन् दाराला चिकटून मुलगा. ग्वारीघाटाला पोचलो, दर्शन झालं, नारळ फोडला, सगळं सुखरूप. परत निघालो तर घाटावरच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली. शर्माजींनी जोरात पाय दाबला, एकदा धक्का बसला, कटकन आवाज आला अन् मुलाचे वडील ओरडले. पाहतो तर काय, त्यांचा पाय चटईसकट खाली गेलेला, गुडघ्यापर्यंत. बूट रस्त्याला टेकलेला. जागचे उठू शकत नव्हते बिचारे, बसूही शकत नव्हते.

त्यांना ओढून काढलं. धोतर फाटलं, नडगी सोलली. मुलगा कोट काढून गाडीखाली शिरला. सगळे रस्त्याच्या कडेला उभे, येणारे-जाणारे थांबून पाहून राहिलेले. तो खालूनच बोलला, पत्रा सगळा सडून गेला आहे, त्यावर तरट चिकटवून डांबर लावलं आहे. अन् मधला दांडा तुटलेला आहे, तारेनं बांधला आहे. ही गाडी एवढे दिवस चालली कशी?

वडिलांनी विचारलं, ही घेतली कुणाकडून? नाना छत्री उघडून म्हणाले, इकडचे रस्तेच वाईट. शेवटी बाबा म्हणाले, नानांकडून. न पाहता घेतली? मुलाच्या वडिलांनी विचारलं. बाबा म्हणाले, ते मुलीचं जमवून राहिले होते, कसं पाहणार? मुलाच्या वडिलांनी नडगीला रुमाल बांधता बांधता एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणाले, मुलगीही आम्हाला यांनीच सांगितली आहे. खरं वय काय हिचं?

मी बाबांकडे पाहिलं. त्यांची नजर जमिनीवर. आयुष्यभर गोळे तपासणारा माणूस, अन् आपल्या पोरीसाठी एक शब्द फुटेना त्याच्या तोंडून. मग मीच बोलले. सत्तावीस, मी म्हटलं. बावीसची मी पाच वर्षांपूर्वी होते. आता तुमच्या मुलाचं सांगा. आम्हालाही यांनीच सांगितलं आहे.

वडील लाल झाले. मुलीनं असं बोलायचं, हेच संस्कार का, सुरू झालं त्यांचं. नाना मध्ये पडून सांगून राहिले, अहो ऐका, अहो ऐका. अन् मुलगा गाडीखालून बाहेर निघाला, हात कोपरापर्यंत काळे, त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण वडिलांचं तोंड पाहून समजला असेल. माझ्याजवळ आला अन् म्हणाला, माझा डावा कान गेलेला आहे. लढाईच्या आधी दिवसरात्र गोळे उडवून राहिलो होतो, त्यात गेला. मी नानांना सांगायला सांगितलं होतं. ते म्हणाले, लग्नानंतर सांगू.

आता हे ऐकून मी काय करायला पाहिजे होतं? रडायला पाहिजे होतं. मला हसू आलं. इतक्या जोरात आलं की शर्माजींनी तोंड फिरवलं. आईची साखर आठवली ना मला.

मुलाचे वडील टांगा करून स्टेशनला गेले, मुलाला ओढत घेऊन गेले. आम्हाला वाटलं, संपलं. गाडी दोन दिवस त्या चढावरच होती, मग बैलगाडीला बांधून आणली अन् कबाड्याला दिली. एकदा मी वह्या तपासत होते, तर बाबा समोर येऊन बसले, म्हणाले, कुसुम, गाडीखाली मी वाकायला पाहिजे होतं. मी म्हटलं, गाडीचं सोडा बाबा. तर म्हणाले, वय मी सांगायला पाहिजे होतं. एवढंच. मी त्यांना पाणी आणून दिलं. माझा राग तेवढ्यानं गेला असं नाही, पण थोडा गेला.

मुलगा दोन आठवड्यांनी आला. एकटाच, पॅसेंजरनं. वडील हो म्हणोत का नाही, मला चालते, म्हणाला, अन् मला विचारलं, तुम्हाला? मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले अन् चालतं म्हटलं, म्हणजे नीट ऐकू जावं. अन् ऐक, लग्नात नाना पहिल्या पंगतीला होते, काळी टोपी, छत्री बाजूला ठेवलेली, जिलबी खात सगळ्यांना सांगून राहिलेले, मी जमवलं हो, मी जमवलं. बाबांनी त्यांना नारळ अन् उपरणं दिलं. मी हात जोडले. काय करणार? त्यांच्या हातात अजून आमच्या धाकट्या चुलतबहिणीचं लग्न होतं ना.

नंतर यांची बदली जबलपूरला झाली, अधारतालला घर बांधलं, पोरं झाली, यांनी गाडी कधीच घेतली नाही, सायकल अन् मग स्कूटर. अन् मी जन्मभर यांच्या उजव्या बाजूला. रस्त्यानं चालताना उजवीकडे, जेवायला उजवीकडे, लग्नाच्या पंगतीत कुणी मध्ये बसलं तर मी त्याला उठवायची, लोक म्हणायचे, काय बाई आहे. झोपताना यांची उजवी बाजू भिंतीकडे यायची म्हणून खाट फिरवून घेतलेली. चिडायची मी कधी कधी, तोंडभर बोलायची यांना, तेही उजवीकडे जाऊनच, नाहीतर बोलण्यात काय अर्थ.

मागच्या थंडीत यांचा उजवा कानही गेला. डॉक्टर म्हणे मशीननंही काही होणार नाही, वय झालं. आता घरभर मी एकटीच बोलते. पोरं म्हणतात, अम्मा, उन्हें सुनाई नहीं देता, काहून बोलून राहिली? काय सांगू त्यांना. आताही संध्याकाळी हे ओट्यावर बसले की मी चहा घेऊन जाते, अन् बेटा, पाय आपोआप उजवीकडे वळतात. अन् हेही ना, मला येताना पाहिलं की अजून डावीकडे सरकून जागा करतात.