दुसऱ्या ओळीनंतरचा श्वास

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक सर, पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या संगीताच्या बाई, सहकारी शिक्षक, पालक, आणि अगदी पुढे मांडी घालून बसलेली पहिलीची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी कॉम्प्युटर लॅबचा माणूस. मुलं मला ‘वायरवाले सर’ म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मुलांनाच ठाऊक. भाषण हा माझा प्रांत नाही. पण बाईंचा मी एक मोठा अपराध केलेला आहे, आणि तो त्या जायच्या आत चारचौघांत कबूल करावा, असं घरून सांगण्यात आलं आहे.

गेल्या वर्षी बाईंच्या उजव्या हाताचं ऑपरेशन ठरलं. दोन बोटं बधिर होत चालली होती आणि पुन्हा वाजवता येईल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. रोज सकाळी शाळेचं गाणं वाजवणार कोण? मी म्हटलं, बाई, तुम्ही एकदा वाजवा, मी रेकॉर्ड करून ठेवतो.

आमच्या लॅबमध्ये लिनक्स ही फुकटातली सिस्टीम आहे. जुन्या कॉम्प्युटरांना तेच झेपतं. त्यातल्या एकाला बाईंचा वाजवायचा कीबोर्ड जोडला आणि बाईंचं वाजवणं मिडीमध्ये घेतलं. घाबरू नका, सोपं आहे. मिडीत आवाज साठत नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती जोरात आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद राहते. ती नोंद वाचून आवाज काढतो तो सॉफ्टवेअर सिंथेसायझर. म्हणजे पडद्यावर बाईंचं वाजवणं छोट्या छोट्या काड्यांसारखं दिसतं, आणि काडी सरकवली की सूर सरकतो.

इथेच घात झाला. मला वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरातली तसबीरसुद्धा मी सरळ करतो. बाईंच्या काड्या पडद्यावरच्या मात्रांच्या रेषेवर नव्हत्या. कुठे थोडी आधी, कुठे थोडी नंतर, आणि दुसऱ्या ओळीनंतर तर गाणं चक्क थबकत होतं. मला वाटलं, हात दुखत असेल बिचाऱ्यांचा. मी ती फट ओढून बंद केली. मग ‘क्वांटाइझ’ नावाचं बटण दाबलं, की सगळे सूर शिस्तीत रेषेवर. आणि त्याच नावाने सेव्ह केलं. मूळ प्रत? ठेवली नाही. पसारा नको म्हणून.

बाई हॉस्पिटलात आणि इकडे सकाळी गाणं वाजायला लागलं. मी आपला कॉलर ताठ करून उभा. संध्याकाळी आमची धाकटी, पहिलीतली, म्हणाली, “बाबा, तुमचं गाणं थांबतच नाही. आम्ही मागे राहतो.” मी म्हटलं, “मोठ्याने म्हणत जा.” ऐकतो कशाला? बाप आहे, वर शिक्षक.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. ती दोन बोटं काही वळत नव्हती. लॅबमध्ये बसून त्यांनी हेडफोन लावला, शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, “छान आहे, सर. पण हे मी नाही वाजवलेलं.”

मी सगळं सांगितलं. मूळ प्रत नाही हेही सांगितलं. त्यांचं शेवटचं धड वाजवणं मी पुसलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, “बाई, कुठे किती थांबायचं ते सांगा, मी तेवढी फट परत टाकतो.”

त्या हसल्या. “किती म्हणजे? अहो, दुसऱ्या ओळीनंतर पहिलीची पोरं श्वास घेतात. त्यांचा घेऊन होईपर्यंत मी थांबते. सर्दीच्या दिवसांत जास्त. हे रोज वेगळं असतं.”

म्हणजे मूळ प्रत असती तरी ती एका दिवसाचीच असती. मी आठवडाभर डोकं खाजवलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. सूर बाईंचे, रेकॉर्ड केलेले. पण डाव्या हाताच्या एका बोटाने एक पट्टी दाबली की गाणं एक मात्रा पुढे जातं. बोट थांबलं, गाणं थांबलं. पहिल्या दिवशी बाईंनी दुसऱ्या ओळीनंतर बोट उचललं, मुलांकडे पाहिलं, आणि मगच टेकवलं. त्या संध्याकाळी धाकटीची तक्रार आली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

वर्षभर असंच चाललं. काल मी विचारलं, “बाई, उद्यानंतर ती पट्टी कोण दाबणार?”

“तुम्ही.”

“मला ताल कळत नाही हो.”

“तुम्हाला ताल द्यायचाच नाहीये. पडद्याकडे पाठ करून बसा आणि पोरांकडे बघा.”

बाई, मला भीती वाटते आहे, हे सगळ्यांसमोर सांगतो. तुमची आठवण येईल, हेही सांगतो.

अध्यक्ष महोदय, आपण वेळ दिलात, सर्वांनी निमूट ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल तर पोटात घाला. आणि पहिलीच्या मंडळींनो, उद्या सकाळी मी चुकेन. तेव्हा रागावू नका. श्वास घेऊन झाला की माझ्याकडे बघून नुसती मान हलवा. मी थांबलेलो असेन.