केतकीचा ओला हात

“आठ दिवस डोळ्यांना पाण्याचा थेंब लागता कामा नये! आणि चोळायचे तर मुळीच नाहीत!”

मंडळी, हे कुण्या ऋषींचं वचन नाही – मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं आहे! ऐका मात्र नीट. मी एवढंच विचारते – देवाला बोललेला नवस आपण विसरत नाही. मग माणसाला दिलेला शब्द कसा विसरतो?

आमच्या गल्लीतली केतकी. चष्म्याचा नंबर सात! बोहल्यावर हौसेनं चष्मा काढला, तर हार भटजींच्या गळ्यात घालायला निघाली – हसा, हसा, तीही हसते! शेजारी भागीरथीकाकू. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, ती लेसरनं परतणारी नव्हे. पोथी सहा महिने फडक्यात बांधलेली. केतकी म्हणायची, “काकू, चष्म्यानं डोकं दुखतं हो. लेसर करून नंबर गेला की रोज एक अध्याय वाचून दाखवीन. शब्द!”

लेसर झालं, नंबर गेला! दुसऱ्या दिवशी भिंतीवरची पाल स्पष्ट दिसली – केवढा आनंद! पालीचा! आणि शब्द? तो राहिला बाजूला.

चौथ्या दिवशी गॉगल लावून, काकूंचा हात धरून देवळात गेली. गुरवांनी तीर्थ दिलं. आता सांगा – तीर्थ घेतल्यावर आपला ओला हात कुठं जातो? डोळ्यांना! केतकीनं गॉगल वर सरकवला, हात निघाला –

“केतके, थांब!” काकूंनी मनगटच धरलं.

“अगं बाई! तुम्हाला कसं दिसलं?”

“दिसतंय कुठं? बांगड्या वाजल्या तुझ्या. साठ वर्षं मीही तेच करत आलेय. आठ दिवस सांगितलेत ना? पदराला पूस हात.”

पोथीचं नावही काढलं नाही हो त्या माउलीनं! केतकीनं पदराला हात पुसला.

नवव्या दिवशी मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला जायचं ठरलेलं – बिनचष्म्याचे फोटो काढायला! गाडी दारात. “चल की गं!”

“तुम्ही व्हा पुढं.”

मंडळी, “मोकळी झाले की येते” असं तुम्हीही कुणाला म्हणालाच असाल. मीही म्हटलंय. ती माणसं आठवण करून देत नाहीत, उलट आपलाच हात सांभाळतात. घरी जाताना ते एक नाव आठवा.

आणि केतकी? तिनं डॉक्टरांचे थेंब डोळ्यांत घातले, पाच मिनिटं मिटून बसली. मग उठली, काकूंना चाहूल लागू नये म्हणून चप्पल न वाजवता त्यांच्या पायरीकडे निघाली – पोथीचा पहिला अध्याय वाचायला.