तीन पाण्यांनी धुतलेलं मीठ

मंडळी, सावरून बसा! मागच्यांनो, पुढं सरका, जागा आहे. एक सवाल करतो — माणसाचं पुण्य कधी लेकराच्या मुळावर उठतं का? नाही म्हणता? मग ऐका!

सातपुड्याच्या पायथ्याला आंबेझरी गाव. तिथं द्वारकाकाकू. देवळाचा नैवेद्य त्यांच्याच हातचा, आणि सोवळं तर विचारूच नका! दुकानातून खडेमीठ आलं की म्हणायच्या, "छप्पन्न हात लागलेत याला!" मग ते तीन पाण्यांनी धुवायचं, गच्चीवर उन्हात वाळवायचं, तेव्हा कुठं डब्यात. निम्मं मीठ मोरीत जायचं — पण काकूंचं समाधान! हसू नका, गालात हसणाऱ्या दोघी मला इथून दिसतायत!

काकूंची सून रेवती, तिला पाचवा महिना. पहिलं बाळ पोटातच गेलेलं. आता पोरीचा गळा सुजला, अंगात त्राण राहीना. काकूंच्या मनात एकच — हेही गेलं तर? जीव होता हो त्यांचा सुनेवर! दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मीठ कुठलं? धुतलेलंच!

एके दिवशी उपकेंद्रातल्या नर्स निर्मलाताई वळवी आल्या. त्यांनी रेवतीचा गळा चाचपला आणि म्हणाल्या, "काकू, मीठ दाखवा बघू." दुकानातून आलेल्या, अजून न धुतलेल्या पिशवीतल्या मिठावर त्यांनी तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला — जांभळं झालं! मग काकूंच्या डब्यातल्या मिठावर टाकला — पांढरं ते पांढरंच.

काकू फुलल्या! "बघा, माझं कसं निर्मळ!"

"काकू, जांभळं होतं ते आयोडीनमुळं. तुमच्या मिठात तेच उरलं नाही," ताई हळूच म्हणाल्या. "ते तुमच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं. माणसाला अख्ख्या जन्मात चमचाभर पुरतं — पण ते नसलं की गळा सुजतो. आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्याच्यावरच वाढतो."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे पहिलं बाळ... मीच?"

"तसं कुणाला सांगता येत नाही, काकू. पण हे बाळ अजून आपल्या हातात आहे. उद्या हिला दवाखान्यात आणा."

रेवतीला गोळ्या सुरू झाल्या. पण मंडळी, खरी परीक्षा पुढंच! दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं वरण चुलीवर, आणि काकूंच्या मुठीत न धुतलेलं मीठ. चाळीस वर्षांचं सोवळं! शेवटी देवाकडं बघून म्हणाल्या, "देवा, तुला हे चालत नसेल, तर तू अळणी जेव. माझ्या पोरीला मी हेच वाढणार!"

आणि टाकलं मीठ!

देव रागावला? छे हो! चार महिन्यांनी नात झाली — अशी रडली, की गल्ली गोळा झाली!

आता सांगा, घरी मीठ कोण कोण धुतं? अगं बाई, सगळ्यांच्या माना खाली! खाली नको, वर करा. वर! आणि जिनं तिनं आपल्या शेजारणीचा गळा नीट बघा. सूज दिसली, तर प्रसाद उद्या घ्या, आधी दवाखाना गाठा. नाम मुखात राहू द्या, मिठाला मात्र पाणी दाखवू नका. बोला, विठ्ठल!