सखारामकाकांचा भोंगा

कॉम्प्युटर शिकवायचं काम म्हणजे पंख्याखाली बसायचं, असं तुम्हाला वाटतं ना? हे ऐका, मग बोला.

महाडच्या एका केमिकल कारखान्यात मी कामगारांना गॅसगळतीचा धडा कॉम्प्युटरवर शिकवते. पडद्यावर भोंगा वाजतो, छपरावरची केशरी कापडी नळी वाऱ्यावर उडते. गॅस वाऱ्याबरोबर जातो, म्हणून ती जिकडे उडते त्याच्या उलट दिशेला माऊसने पळायचं. कापडे गावचे सखारामकाका भोंगा वाजला की माऊसच सोडायचे. तीनदा नापास झाले. म्हणाले, "मॅडम, ह्यो आवाज झाला की मला कायच दिसत नाय."

म्हणून त्यांच्यापुरता मी आवाजच काढून टाकला. लगेच पैकीच्या पैकी मार्क. साहेबही खूश झाले.

आठवड्याने खरा भोंगा वाजला. सगळे गेटकडे पळाले, मीही पळाले. हजेरी घेतली तर एक माणूस कमी. सखारामकाका. हा भोंगा त्यांच्यासाठी कोण बंद करणार होतं?

तेवढ्यात ते दिसले. पार मागच्या भिंतीपाशी, एकटेच, दोन्ही कानांत बोटं घालून उभे. मी ओरडले, "काका, इकडे या." त्यांना ऐकू कुठून येणार? उलट तेच तिथून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "मॅडम, वारा बगा, वारा."

तेव्हा कुठे मी वर पाहिलं. छपरावरच्या नळीचं टोक सरळ गेटकडे, आमच्यावरच रोखलेलं होतं.